एकाच बाईला दोन अ‍ॅप दोन उत्तरं देतात तेव्हा

डॉक्टर, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, तुमचा बॉण्ड (सक्तीची सरकारी सेवा) चालू आहे. 24 वर्षांची बाई, पदरी दुसरं बाळ तीन महिन्यांचं, सिकलसेल (रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक आजार) पॉझिटिव्ह. ती म्हणाली, "पाळणा लांबवायचाय, गोळ्या द्या." तुम्ही जागतिक आरोग्य संघटनेचं गर्भनिरोधकांचं अ‍ॅप उघडलंत, आजारात सिकलसेल निवडला, तर संयुक्त, म्हणजे दोन हार्मोनच्या, गोळ्यांपुढे 2 हा आकडा आला. खात्री करायला सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचं अ‍ॅप उघडलंत, तिथे त्याच गोळ्यांपुढे 4. एक म्हणतं द्या, दुसरं म्हणतं अजिबात नको. म्हणून तुम्ही विचारलंत की विश्वास कुणावर ठेवायचा. जाता जाता हेही विचारलंत की रुग्णासमोर मोबाईल काढायला संकोच वाटतो, त्याचं काय करायचं.

आधी तुमच्या बाईपुरतं सांगते, मग बाकीचं. तिला माला-एन, म्हणजे सरकारी संयुक्त गोळ्या, देऊ नका. गंमत अशी की हे दोन्ही अ‍ॅप सांगतात, फक्त तुम्ही एका अ‍ॅपला अर्धाच प्रश्न विचारलात. तीन महिन्यांचं बाळ अंगावर पितंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत बाळंतपणानंतर सहा आठवडे ते सहा महिने या काळात अंगावर पाजणाऱ्या आईला संयुक्त गोळ्या म्हणजे वर्ग 3. सहा आठवड्यांच्या आत तर 4. सिकलसेलसाठी 2 आला खरा, पण त्याच बाईच्या स्तनपानासाठी 3 आला असता, आणि दोन आकडे आले की जास्तीचा धरायचा. सीडीसीच्या अ‍ॅपमध्ये बरोबर उलट होतं. तिथे 42 दिवस उलटल्यावर स्तनपानाला 2 मिळतो, पण सिकलसेलला 4. म्हणजे तुम्हाला जे भांडण वाटलं ते आकड्यांचं होतं, या बाईपुरतं उत्तर एकच निघतं.

खरी अडचण अ‍ॅप कोणतं ही नाहीच. अ‍ॅपला आपण काय सांगितलं आणि ते सांगण्याआधी बाईला काय विचारलं, ही आहे. मी 26 वर्षं विदर्भात स्त्रीरोगाची ओपीडी करतेय. मधली कितीतरी वर्षं टेबलाच्या ड्रॉवरमध्ये पुठ्ठ्याची एमईसीची (कुणाला कोणतं साधन चालतं याच्या निकषांची) चकती असायची, ती फिरवून बघायची. आता फोन आहे. साधन बदललं, चूक तीच राहिली. एक आजार निवडायचा, आकडा बघायचा आणि चिठ्ठी लिहायची.

आकड्यांबद्दल थोडं. तुम्हाला ते पाठ असतील, पण त्यांचा अर्थ ओपीडीत निसटतो. 1 म्हणजे आडकाठी नाही. 2 म्हणजे थोडी जोखीम आहे, पण फायदा मोठा, तेव्हा द्या. 3 म्हणजे जोखीम सहसा फायद्यापेक्षा जास्त. दुसरं काही मिळत नसेल किंवा बाईला चालत नसेल तरच, आणि तेही वारंवार बोलावून बघता येत असेल तर. 4 म्हणजे नाही. जिथे तपासणीची सोय कमी तिथे 1 आणि 2 म्हणजे हो, 3 आणि 4 म्हणजे नाही, अशी सोपी वाटणी खुद्द जागतिक आरोग्य संघटनेनेच दिली आहे, आणि उपकेंद्रावरच्या सिस्टरला मी तीच शिकवते. पण हे आकडे साधन किती भरवशाचं ते सांगत नाहीत, आणि इथेच नवे डॉक्टर फसतात. निरोधला बहुतेक सगळीकडे 1 मिळतो, म्हणून तो सर्वांत चांगला असं होत नाही. नेहमीच्या वापरात वर्षभरात 100 पैकी साधारण 13 जणींना निरोधवर दिवस जातात, गोळ्यांवर 7, तांबीवर फार तर एकीला. सिकलसेलच्या बाईत हा फरक फार मोठा. नको असताना राहिलेलं गरोदरपण तिच्या जिवावर बेतू शकतं. त्यामुळे ज्या आजारांत गरोदरपणच जास्त धोक्याचं असतं त्यांच्या यादीत सिकलसेल आहे, आणि अशा बाईने नुसत्या निरोधवर विसंबू नये असं निकषांतच म्हटलंय.

आता अमेरिका आणि जिनिव्हा (जागतिक आरोग्य संघटनेचं मुख्यालय) वेगळं का बोलतात? जागतिक आरोग्य संघटनेची पहिली आवृत्ती 1996 ची, पाचवी 2015 ची. ती सगळ्या जगासाठी. प्रत्येक देशाने ती आपल्या परिस्थितीप्रमाणे बेतावी असंच अपेक्षित आहे. अमेरिकेने 2010 मध्ये आपली प्रत काढली, 2016 मध्ये सुधारली, 2024 मध्ये पुन्हा. या शेवटच्या सुधारणेत सिकलसेलच्या रुग्णांना रक्ताच्या गुठळ्यांचा धोका मुळातच असतो हे धरून संयुक्त गोळ्या 2 वरून 4 वर नेल्या, आणि डीएमपीए इंजेक्शनबद्दलही (आपल्या कार्यक्रमातलं अंतरा) आधीपेक्षा हात आखडता घेतला. तिकडे स्तनपानाच्या बाबतीत ते आपल्यापेक्षा सैल आहेत. माझं मत विचाराल तर त्यालाही कारण आहे. जिथे आईचं दूध कमी पडलं तर डब्याचं स्वच्छ दूध सहज मिळतं, तिथला हिशोब वेगळा. आपल्याकडे दूध आटलं तर बाळ पहिल्याच जुलाबात खंगतं.

मग माझा नियम असा. आपल्या कार्यक्रमाचा पाया जागतिक आरोग्य संघटनेचा आहे, भारत सरकारने 2015 मध्ये काढलेली चकतीही त्याच निकषांवर बेतलेली, म्हणून रोजच्या कामात तेच अ‍ॅप. अमेरिकेचं अ‍ॅप मी दुसऱ्या मतासाठी ठेवते. त्यात एखाद्या ठिकाणी आकडा वरचा दिसला तर का वाढवला ते वाचते, आणि कारण पटलं तर सावध होते. सिकलसेलच्या बाबतीत मला ते पटलंय. बाळ सहा महिन्यांचं झालं आणि जिनिव्हाच्या हिशोबाने ही बाई 2 वर आली, तरी मी एसएस, म्हणजे नुसती वाहक नसून खरोखर आजार असलेल्या, रुग्णाला संयुक्त गोळ्या लिहिणार नाही. हा माझा निर्णय, कुणी वेगळा घेईल.

पण थांबा, ती एसएस आहे हे नक्की का? तुमच्या प्रश्नात "सिकलसेल पॉझिटिव्ह" एवढंच आहे. गावात होणारी सोल्युबिलिटीची चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही, दोघींचीही पॉझिटिव्हच येते. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीचा (हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट मागा. ती एएस, म्हणजे नुसती वाहक असेल, तर हा सगळा वाद तिला लागूच नाही, फक्त स्तनपानाचा मुद्दा उरतो. माझ्याकडे वाहक बायका वर्षानुवर्षं "तुला आजार आहे, तुला काही चालत नाही" असं ऐकून आलेल्या आहेत. आणि ती खरंच एसएस असेल तर हायड्रॉक्सियुरिया (सिकलसेलवरची गोळी) चालू आहे का विचारा. चालू असेल तर गर्भ न राहणं आणखी महत्त्वाचं, आणि त्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना आपण काय देतोय ते कळवायला हवं. बाळाला पाजत असताना ती गोळी चालवायची का, हेही त्यांच्याशीच बोलून ठरवा.

यावरून मूळ मुद्द्यावर येते. अ‍ॅपमध्ये आजारांची नावं आहेत, आपल्या बायका आजारांची नावं सांगत नाहीत.

अर्धशिशीचंच बघा. "डोकं दुखतं का?" विचारलं तर बाई म्हणते, "नाही, पित्त होतं." पित्त म्हणजे काय? तर महिन्यातून दोनदा अर्धं डोकं ठणकतं, उजेड नको वाटतो, उलटी झाली की बरं वाटतं. ही मायग्रेनच! पण तिच्या लेखी ते पित्त, आणि पित्त हा आजार नाही, त्यामुळे ती सांगणार नाही आणि तुम्ही अ‍ॅपमध्ये मायग्रेन निवडणार नाही. पुढचा प्रश्न त्याहून नाजूक: दुखायच्या आधी डोळ्यांसमोर नागमोडी रेषा, चमचम, अर्धं दिसेनासं होणं असं काही होतं का? ते होत असेल तर संयुक्त गोळ्या कोणत्याही वयात वर्ग 4, कारण पक्षाघाताचा धोका. होत नसेल आणि वय 35 च्या आत असेल तर सुरू करायला 2, पण गोळ्या घेता घेता डोकेदुखी सुरू झाली तर पुढे चालू ठेवायला 3. सुरू करणं आणि चालू ठेवणं यांचे वेगळे आकडे अ‍ॅपमध्ये शेजारी शेजारी असतात आणि घाईत डोळा भलत्या रकान्यावर पडतो. मी स्वतः एकदा चुकलेय.

टीबीचं तसंच. "कसली गोळी चालू आहे का" याला उत्तर "नाही", कारण गोळ्या आशाताई घरी आणून देते, त्या दवाखान्यातल्या "आपल्या" गोळ्या. मी विचारते, "लघवी लाल-केशरी होते का?" मग कळतं. रिफाम्पिसिनवर असताना संयुक्त गोळ्या 3, कारण औषध त्यांचा असर कमी करतं. अंतरा मात्र 1, त्यावर परिणाम नाही. फिटच्या फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनलाही हाच नियम. आणि टीबी ओटीपोटात असेल तर तांबी बसवायला 4.

मिश्रीला अ‍ॅपमध्ये जागाच नाही. निकष सिगारेटचे आहेत: वय 35 किंवा जास्त आणि दिवसाला 15 किंवा जास्त सिगारेटी, तर संयुक्त गोळ्या 4. आमच्याकडे सिगारेट ओढणारी बाई मला क्वचित भेटली, मिश्री लावणाऱ्या आणि खर्रा खाणाऱ्या रोज भेटतात. त्यांना मी सिगारेटचा आकडा लावत नाही, पण वय 35 च्या वर आणि तंबाखू असली की बीपी दोनदा मोजते. बीपी 140/90 झालं की गोळ्या 3, 160/100 झालं की 4, आणि अंतराही 3. बीपीचा पट्टा, म्हणजे कफ, न लावता गोळ्यांची चिठ्ठी लिहिणारे डॉक्टर मी पाहिलेत. अ‍ॅपला कफ नाही.

आणि एक गोष्ट जी या दोन्ही अ‍ॅपमध्ये शोधून सापडणार नाही: छाया. लखनौच्या सीडीआरआयमध्ये तयार झालेली सेंटक्रोमन, आठवड्याची गोळी, हार्मोन नसलेली. ती मुख्यतः आपल्याच देशात वापरली जाते, त्यामुळे परदेशी निकषांत तिचा रकानाच नाही. नवा डॉक्टर अ‍ॅपमध्ये जे दिसतं तेवढंच सांगतो आणि छाया आपोआप यादीतून गळते. छायासाठी आपली सरकारी मार्गदर्शिका वापरा. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, मग आठवड्यातून एकदा. अंगावर पाजणाऱ्या आईला चालते. पीसीओडी, अलीकडची कावीळ किंवा यकृताचा आजार, टीबी, मूत्रपिंडाचा आजार यांत देत नाहीत. तुमच्या बाईचे डोळे पिवळट असतील, आणि एसएसमध्ये ते बऱ्याचदा असतातच, तर छायावर मी पटकन उडी मारणार नाही.

सीडीसीच्या अ‍ॅपमध्ये आणखी एक भाग आहे आणि माझ्या मते तोच जास्त उपयोगाचा: साधन कधी सुरू करायचं, गोळी चुकली तर काय, इंजेक्शनला उशीर झाला तर काय. यातला सर्वांत मोलाचा तुकडा म्हणजे बाई गरोदर नाही हे चाचणीशिवाय कसं ओळखायचं. पाळी सुरू होऊन सात दिवस झालेले नाहीत, किंवा गेल्या पाळीपासून संबंध आलेला नाही, किंवा एखादं भरवशाचं साधन नीट चालू आहे, किंवा गर्भपाताला सात दिवस झालेले नाहीत, किंवा बाळंतपणाला चार आठवडे झालेले नाहीत, किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पूर्ण अंगावर, आणि पाळी आलेली नाही. यातलं एक जरी लागू असलं आणि गरोदरपणाची लक्षणं नसली तर आजच सुरू करा.

हे मी इतकं लांबवून सांगतेय कारण माझ्या पहिल्या पोस्टिंगमध्ये एक बाई तांबीसाठी 11 किलोमीटर चालत आली होती. बाळ पाच महिन्यांचं, पूर्ण अंगावर, पाळी नाही. मी म्हटलं, "पाळी आल्यावर ये." तेव्हा सगळे तसंच म्हणायचे. ती तीन-साडेतीन महिन्यांनी आली, पाळी आलीच नव्हती, पोटावर हात ठेवला तर गर्भाशय लागत होतं. तिने मला बोल लावला नाही. नुसतं म्हणाली, "तुम्हीच म्हणलात ना." तेव्हा ही यादी माझ्याकडे असती तर ती तांबी घेऊनच घरी गेली असती. तुमच्या बाईलाही यादीतली ही शेवटची ओळ लागू होत असेल, तर तिला पाळीची वाट बघायला लावू नका.

इंजेक्शनच्या उशिराबाबत मात्र दोन्ही अ‍ॅपचा घोळ होईल म्हणून आधीच सांगते. अमेरिकेत दोन आठवड्यांपर्यंतचा उशीर चालवून घेतात, जागतिक आरोग्य संघटना आणि आपला अंतरा कार्यक्रम चार आठवड्यांपर्यंत. रोवणीच्या दिवसांत बाई तारखेला येत नाही, हे तुम्हाला कळेलच. चार आठवडे धरा, आणि कार्डावर तारीख लिहिताना शेजारी "यानंतर चार आठवड्यांपर्यंत चालेल" असंही लिहा, नाहीतर तारीख चुकली म्हणून ती येतच नाही.

मोबाईलचा संकोच. हा मलाही होता. एकदा एका सासूने बाहेर जाऊन सांगितलं, "डॉक्टरीणबाईला येत नाही, मोबाईलमध्ये बघून औषध देते." तेव्हापासून मी लपवून बघायचं सोडलं. आता फोन टेबलावर ठेवते, स्क्रीन तिच्याकडे वळवते आणि म्हणते, "तुमच्या आजाराला कोणतं चालतं, कोणतं नाही, बघू या दोघी मिळून." हिरवा-लाल रंग तिला कळतो. वाचता येत नसलं तरी लाल रंगावर बोट ठेवून ती विचारते, "हे का नाही?" आणि इथून खरं बोलणं सुरू होतं. एक पथ्य पाळा: या अ‍ॅपना रुग्णाचं नाव, फोन, आधार काहीच लागत नाही. एखादं अ‍ॅप ते मागत असेल तर ते निकषांचं अ‍ॅप नाही, काढून टाका. औषध कंपन्यांचीही अ‍ॅप निघतात, त्यांत त्यांच्याच गोळीचं कौतुक जास्त. आणि नेट नसताना उघडतं का ते पीएचसीत जाण्याआधी घरी एकदा विमान मोड लावून बघा.

आता तुमची बाई पुन्हा आली की मी काय केलं असतं ते सांगते. रिपोर्ट बघून एसएस आहे हे नक्की करेन. बीपी, हिमोग्लोबिन, पित्ताचा प्रश्न, लाल लघवीचा प्रश्न. अंगावर किती पाजते, पाळी आली का. मग फोन उघडायच्या आधी तिला विचारेन, "गोळ्याच का?" याचं उत्तर कुठलंच अ‍ॅप देणार नाही. कदाचित जावेला तांबीचा त्रास झाला असेल. कदाचित इंजेक्शनने पाळी बंद होते आणि "अंगात घाण साठते" असं ऐकलं असेल. कदाचित नवऱ्याला कळू द्यायचं नसेल, आणि तसं असेल तर 28 गोळ्यांचं पान घरात लपवणं इंजेक्शनपेक्षा अवघड.

यातून दिसेल ते असं. अंतरा जिनिव्हाच्या निकषांत सिकलसेललाही 1 आणि सहा आठवड्यांपुढच्या स्तनपानालाही 1. जमैकात 1982 साली झालेल्या एका लहानशा अभ्यासात या इंजेक्शनने सिकलसेलच्या दुखण्याचे झटके कमी झाल्याचं दिसलं होतं. अमेरिकेची सावधगिरी लक्षात ठेवून मी गुठळीचा जुना इतिहास, पायाची सूज, छातीत दुखणं हे नीट विचारेन आणि काही नसेल तर पहिला पर्याय म्हणून तोच मांडेन. पहिल्या महिन्यांत मधूनच अंगावरून जाईल, नंतर पाळी थांबेल, आणि पुढे मूल हवं असेल तर शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला काही महिने जादा लागतात, हे आधीच सांगेन. तांबीला 2, पण तिचं हिमोग्लोबिन 7 च्या आसपास निघालं तर मासिक रक्तस्राव वाढवणारं साधन मी पुढे करणार नाही. हाताच्या कातडीखाली बसवायचं इम्प्लांट 1 आहे, पण सरकारीत ते निवडक जिल्ह्यांतच मिळतं, तुमच्याकडे आहे का विचारून ठेवा.

आणि ती गोळ्यांवरच अडली तर? तर गोळीच द्या, पण दुसरी. नुसत्या प्रोजेस्टेरॉनची, डेसोजेस्ट्रेलची गोळी. तिला दोन्ही अ‍ॅपमध्ये 1 आहे, सिकलसेललाही आणि तीन महिन्यांच्या स्तनपानालाही. रोज घ्यावी लागते, सरकारी पुरवठ्यात सहसा नसते, तालुक्याच्या मेडिकलमधून आणावी लागेल. दर महिन्याला तेवढे पैसे आणि तेवढी वाट तिला परवडते का, हे तिलाच विचारा. ती आली की काय ठरलं ते कळवा, आणि रिपोर्टवर एएस निघालं तर तेही.